घाट मोकळा नव्हता

कडक हातमोजे चाकाच्या कड्यावर आपटल्याचा आवाज टाळीसारखाच असतो. पण त्यात कौतुक नसते, नुसती घाई असते. गेले काही दिवस तो माझ्या कानांतून जात नाही. परदेशात दिव्यांग खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरल्या होत्या, आणि आमच्या गावच्या सारिकाची शंभर मीटरची व्हीलचेअर शर्यत आम्ही सगळ्यांनी ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर पाहिली. लांब नाकाची तीनचाकी खुर्ची, तीत गुडघे दुमडून बसलेली ती, आणि खांद्यांतून उसळून चाकांवर कोसळणारे तिचे हात. किती थोडा वेळ तो! आमच्या घाटातल्या एका बारीएवढाच.

घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीचा चढ, आणि बारी म्हणजे एका गाड्याची धाव. जुन्नर-आंबेगावात हे कुणाला सांगावे लागत नाही. पण मला आज सगळेच नीट सांगायचे आहे. मी कित्येक वर्षे घाटाच्या माथ्यावर घड्याळ धरले. आणखी एक काम माझ्याकडे होते. घाटात कोणी नाही हे पाहायचे आणि पांढरे निशाण वर करायचे. ते वर गेले की खाली बैल सुटत.

सारिका चौथी आली. पोरे नाचली, आणि मी मात्र अजून शर्यत सुरू करून देणाऱ्या परक्या पंचापाशीच मनाने अडकलो होतो. एका खेळाडूचे पुढचे चाक रेषेला टेकले होते, म्हणून त्याने सगळ्यांना थांबवले, चाक मागे घ्यायला लावले, पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि मगच बार उडवला. एवढे मोठे मैदान खोळंबले होते, पण त्याला घाई नव्हती. पाहणे हेच ज्याचे काम, त्याने पाहिलेच नाही तर त्याच्या हातातल्या निशाणाला काय अर्थ उरतो?

ते घडले तेव्हा सारिका नऊ वर्षांची होती. यात्रेचा दिवस, डोके तापवणारे चैत्राचे ऊन. तिच्या आईने तिला पाण्याची बाटली देऊन घाटापलीकडे बसलेल्या बापाकडे धाडले होते. मागून कोणीतरी म्हणाले, "अण्णा, उरका की राव, बाऱ्या लई राहिल्यात." घड्याळाचे बटण अडकले होते. माझी मान घड्याळात, आणि निशाणाचा हात सवयीने आपोआप वर गेला. मग ओरडा झाला. मान वर केली तेव्हा गाडा तिच्यावरून गेलेला होता.

लोकांनी विचारले. मी म्हणालो, "घाट मोकळा व्हता. निशाण दावल्यावर पोरगी मधी आली."

आमच्याकडे 'मधी आली' म्हटले की विषय संपतो. मग दोष गाडीवानाचा नसतो, बैलांचा नसतो, निशाणवाल्याचा तर नसतोच. त्या दोन शब्दांखाली मी इतकी वर्षे सुखाने नाही, पण सुरक्षित राहिलो. पुढे शर्यतींवर बंदी आली, घाटात बाभळी उगवल्या, बंदी उठली, बाभळी तोडल्या. माझे वाक्य मात्र जागचे हलले नाही. आणि त्या दिवशी शर्यतीनंतर टीव्हीवर अपघाताबद्दल विचारल्यावर सारिका हसत म्हणाली, "चूक माझीच होती. निशाण वर असताना मी मधे गेले."

ती गावी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेलो. ओट्यावर बसून ती खुर्चीच्या चाकात हवा भरत होती.

"या अण्णा. मेडल नाय आणलं, चहा पाजते."

"घाट मोकळा नव्हता, बाळा," मी म्हणालो. "तू आधीच मधी व्हतीस. म्या न बघता निशाण दावलं."

पंप थांबला. "चेष्टा करताय व्हय?"

"न्हाई."

तिने पंपाची नळी चाकातून काढली आणि टोपण घट्ट बसवले.

"माझं काय वो," ती म्हणाली. "माझीच चूक समजून पण शर्यतीत पळालेच मी. पण आई? 'मीच धाडली पोरीला,' म्हणत झिजून गेली ती. आणि तुझी चूक नाय, असं बाबा तिला एकदा पण म्हणाले न्हाईत."

"गावानं तुझा सत्कार ठेवलाय, त्या दिवशी माईकवर सांगतो. सगळ्यांदेखत."

"माईकवर मागनं सांगा. आधी आत जा. बाबा आतच हायेत."

उंबरा ओलांडायला मला फार वेळ लागला. सारिकाचा बाप नामदेव खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. दार उघडेच होते आणि ओटा चार पावलांवर. मी हाक मारली, "नामा."

"ऐकलं म्या," तो न वळता म्हणाला. मग हात उचलून त्याने भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे दाखवले. "आता तिला सांगा."

गेलेल्या माणसापुढे खरे बोलायला धीर लागत नाही, असे मी समजत होतो. लागतो. फोटोतली ती बाई माझ्याकडे सरळ पाहत होती. मी टोपी काढली आणि अगदी पहिल्यापासून सांगू लागलो.