बोटवाल्यांचा अर्ज

कुणी ‘देवमासा’ म्हणालं, की बोटवाले हातातला पाना खाली ठेवत आणि स्वतःच्या छातीवर तळवा टेकवत. “मासा नगा म्हनू, राव. त्याला बी आपल्यावानी श्वास घ्यावा लागतो. वर येऊन.” मग पुन्हा पाना उचलत. समोरच्या शेतकऱ्याला मोटरची घाई असे. तो मान डोलवून मोकळा होई.

मी पिंपरी पेंढारच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आलो, ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. शाळेजवळच त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. तरुणपणी ते मुंबईहून मालवाहू जहाजावर गेले होते, इंजिनखोलीत कामाला. म्हणून गाव त्यांना बोटवाले म्हणे.

एका रविवारी ते माझ्या खोलीवर आले. हात घासून धुतलेले, तरी नखांत ग्रीस.

“सर, एक विंग्रजी अर्ज लिवायचाय.”

“कुणाला?”

“व्हेल मारत्यात ना, त्या देशाच्या दिल्लीतल्या कचेरीला.”

मी हसलो. आज सांगायला लाज वाटते, पण हसलो. आमच्याकडून समुद्र म्हणजे अख्खा घाट उतरून पलीकडे.

“त्या शिकारीवर बंदी आहे ना?” मी विचारलं.

“हाय. तरी अभ्यासाच्या नावाखाली मारत्यात, आन् मांस बाजारात जातं. बंदीच उठवा म्हनून दरसाली बैठकीत जोर लावत्यात, त्ये येगळंच. रेडिओवर सांगत्यात सगळं.”

मी चहा ठेवला. कप हातात आल्यावर ते बोलायला लागले.

त्यांचं जहाज एकदा पार दक्षिणेला, बर्फाच्या समुद्रात गेलं होतं. तिथं शिकारी जहाजावरचं मांस यांच्या जहाजात भरायचं होतं. ऐनवेळी शिकारी जहाजाचा विंच, म्हणजे धूड वर ओढायचं यंत्र, बंद पडला. त्यांच्या माणसांना काही जमेना. मग यांना तिकडे बोलावलं.

“अर्ध्या तासात चालू केला, सर. साहेबानं पाठ थोपटली. लई बरं वाटलं. आन् पयलीच वर आली ती एक आई. पोटात दारूचा भाला फुटलेला. तिचं पिल्लू खाली पान्यात. जहाजाला घासून फिरत व्हतं. वर यायचं, श्वास घ्यायचं, परत जहाजाला टेकायचं.” त्यांनी कप खाली ठेवला. “विंच लई झ्याक चालत व्हता.”

मी कागद घेतला. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, विंचसकट. ती ओळ मी गाळायला बघत होतो. ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. न्हाईतर त्यांना वाटंल, ह्याला काय ठावं.”

तेव्हापासून दर वर्षी अर्ज जाऊ लागला. पुढं त्यांना वाटलं, एकट्याची सही कमी पडते. मग हत्यारांच्या पिशवीत कागद घेऊन ते विहिरीविहिरीवर हिंडू लागले. मोटर चालू झाली, पाणी पडलं, की त्या पिल्लाची गोष्ट सांगून कागद पुढं करत. एकानं चेष्टेनं विचारलं, “बोटवाले, ह्या व्हेलचा सातबारा कुनाच्या नावावर हाय?”

“कुनाच्याच न्हाई, राव. त्येच तर दुखनं हाय,” ते म्हणाले. गडी हसत हसत सही करून गेला.

एका वर्षी उत्तर आलं. छापील, दोन ओळींचं. आपलं पत्र मिळालं, आभारी आहोत. मी ओशाळून वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. “म्हंजे पोचलं,” ते म्हणाले, आणि खुशीत पेढे घेऊन आले.

पुढं उसात बिबटे वाढले. शेळ्या गेल्या, कुत्री गेली. माणसं दिवसाही एकटी रानात जाईनात. अशात बोटवाले एका मळ्यात मोटर बसवायला गेले. मी सोबत होतो. काम झालं आणि सवयीनं त्यांनी कागद काढला. घरची बाई गोठ्यापाशी उभी होती. आदल्या दिवशीच तिचं वासरू बिबट्यानं नेलं होतं. आम्हाला ते ठाऊक नव्हतं.

“आमचं वासरू गेलं, त्याचा अर्ज कोन लिवनार?” ती म्हणाली. “गाय सकाळधरनं दावं वढतीय. आन् तुमी समुद्रातली जनावरं वाचवा!”

मला वाटलं, ते छातीवर हात ठेवून काहीतरी सांगतील. त्यांनी कागद घडी करून पिशवीत टाकला. गोठ्यात जाऊन गायीजवळ बसले. गाय खरंच हंबरत होती, घसा बसलेला. बराच वेळ त्यांनी तिच्या मानेवर हात फिरवला. दुसऱ्या दिवशी जाळी आणि पाइप घेऊन ते परत गेले आणि गोठा चारी बाजूंनी बंद करून आले. सहीचा विषय काढला नाही.

महिनाभरानं ती बाई शाळेत आली. मी वर्गातून बाहेर आलो.

“सर, बोटवाल्या भाऊंचा त्यो कागद हाय का? मला अंगठा द्यायचाय.”

“त्यांनी सांगितलं का?”

“न्हाई वो. त्यांनी गायीला इचारलं, मला कायबी न्हाई.” आणि मग म्हणाली, “जहाजापाशी फिरनाऱ्या त्या पिल्लाचं मला माज्या मालकांनी सांगितलं.”

त्या वर्षीचा अर्ज सगळ्यांत जाड होता.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी बोटवाले गेले. छातीत पाणी झालं होतं. शेवटी श्वासासाठी उशीवरून सारखी मान उचलत. मी खाटेपाशी बसलो होतो. त्यांनी मुलाला जवळ बोलावलं.

“माजी राख समुद्रात नगं. मला तिथं त्वांड दाखवायला जागा न्हाई. आपल्या कुकडीत सोड.”

मुलानं तसंच केलं. आम्ही चारजण नदीवर होतो. राख पाण्यावर पसरली, जरा रेंगाळली आणि पूर्वेकडे निघाली. कुकडी घोडेला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा समुद्राला. मुलालाही ते शाळेत शिकवलेलं असणार. तो माझ्याकडे बघत होता.

मी मनाशी म्हटलं, जाऊ देत. आता तिथं कुणी त्यांना हाकलणार नाही.