चाबीसकट दिल्ली

यादोराव दिल्लीला गेले ते बनियनच्या आत एक लोखंडी चाबी लटकवून. चाबी बोटभर लांब, पण तिच्यावर अख्खं गाव चालतं अशी त्यांची मनापासून समजूत होती. गावच्या तलावाचं पाणी सोडायला दार आहे, दाराच्या चाकाला साखळी आहे, साखळीला कुलूप आहे आणि त्या कुलपाची ही एकुलती एक चाबी. तलाव यादोरावांच्या खापरपणज्याने बांधलेला. तेव्हा कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, कधी आणि किती पाणी द्यायचं, हे ठरवणारे पाणकर गेली चौतीस वर्षं यादोरावच. बाकीच्या गावाने फक्त धान पिकवायचं.

मुलगा वीरेंद्र दिल्लीत नोकरीला. "बाबा, एक डाव या, दिल्ली दाखवतो," म्हणून सहा वर्षं मागे लागला होता. यादोराव कधी रोवणी पुढे करत, कधी कापणी. यंदा आश्विनात मात्र त्याने न विचारताच तिकीट काढलं. "जाऊन या जी," शांतीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तलाव काई उडून नाही जात." निघताना यादोरावांनी चार लोकांसमोर जाहीर केलं, चाबी घरात खुंटीवर आहे, लागली तर शांतीबाईकडे मागा. मग आत जाऊन ती खुंटीवरून काढली आणि गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

याला कारण दुलीचंद. दुलीचंदच्या बांध्या नहराच्या अगदी शेवटाला, तिथवर पाणी पोचेपर्यंत त्याचा जीव अर्धा होई. मग तो यादोरावांच्या अंगणात येऊन "काकाजी, चाबी द्या ना जी" म्हणून उभा राही. यादोराव चाबी देत नसत, स्वतः जात. हा गडी एकदा चाबी मिळाली की तलाव तळाला नेईल, याविषयी त्यांना शंका नव्हती. पुरावाही नव्हता. त्यामुळे खात्री फारच पक्की होती.

दिल्ली पाहायच्या दिवशी पहिली आडवी आली ती चाबीच. मेट्रोच्या दारात यंत्र ओरडलं आणि जवानाने दोरा बाहेर ओढला.

"ये किसकी चाबी है, बाबा?"

"तालाब की."

"तालाब में भी ताला लगता है?"

"हमारे गांव में लगता है," यादोराव ताठ मानेने म्हणाले. वीरेंद्रने चाबी ओळखली, पण बापाची इज्जत राखून तो दुसरीकडे पाहू लागला.

इंडिया गेटसमोर फोटोसाठी उभे राहतात तोच शांतीबाईंचा फोन. "दुलीचंद आला हाय. त्याच्या बांधीले भेगा पडून राहिल्या, धान निसवून राहिलं. खुंटीवर चाबी नाही जी."

धान निसवताना, लोंब्या बाहेर पडत असताना, चार दिवस पाणी तुटलं की लोंबीत दाणा भरत नाही, नुसतं फोलपट उरतं. हे यादोरावांइतकं गावात कोणाला कळत होतं? निघताना त्यांनी हिशेब केला होता की आठवडाभर पाणी लागणार नाही. उन्हाला हा हिशेब कोणी सांगितला नसावा. खरं बोलावं तर चार लोकांसमोरची थाप उघडी पडते. "कोठीच्या मागं पाह्य," ते म्हणाले आणि फोटोत हसले. तो फोटो वीरेंद्रने अजून कोणाला दाखवलेला नाही.

कुतुबमिनाराशी पुन्हा फोन. कोठीच्या मागे चाबी नव्हती. "मंग देवाच्या पाटाखाली असन," यादोराव म्हणाले. खोट्यात देवाला ओढल्याबद्दल त्यांना मिनारासमोरच घाम फुटला. वीरेंद्र मिनाराची उंची सांगत होता. यादोराव तोंड वर करून बघत होते आणि त्यांना दिसत होती दुलीचंदची भेगाळलेली बांधी. गाडीने परतायला अजून दोन दिवस. चाबी काही फोनवरून पाठवता येत नाही.

लाल किल्ल्यात त्यांनी काहीच पाहिलं नाही. एका दगडी कट्ट्यावर बसले आणि दुपार कलली तसा स्वतःच फोन लावला. "शांती, चाबी माह्या गळ्यात हाय," ते एका दमात म्हणाले. "त्या दुलीचंदले सांग, कुलूप तोडून टाक म्हणा. दोष माहा."

"तोडाले कायले पायजे?" पलीकडून शांतीबाई म्हणाल्या. "पानी सकारीच सोडलं. ते कुलूप ओढलं की निघते. तुमी टायफाइडनं पडले होते ना, तवापासून. नऊ वर्सं झाली."

यादोरावांनी विचारलं, "कोणाकोणाले माहीत हाय?"

"गावाले."

"दुलीचंदले?"

"त्यालेच पयले. तवा त्यानंच ओढून पायलं होतं. पन तुमी उठल्यावर कवा हात नाही लावला. आजई म्हने, काकाजीले इचारल्याबिगर नको. मीच म्हटलं, ओढ."

"मंग दिवसभर मले काऊन इचारून राहिली होती?"

"तुमी कवा खरं बोलता, ते पाहून राहिली होती."

फोन ठेवल्यावर यादोरावांनी दोरा बाहेर ओढून चाबी पाहिली. नऊ वर्षं. नऊ वर्षं शेवटच्या बांधीचा धनी, हाताने ओढलं की निघणाऱ्या कुलपासाठी, त्यांच्या अंगणात चाबी मागत उभा राहत होता आणि ते त्याला चोर समजत होते. लाज वाटली. भर दिल्लीत, हजार अनोळखी माणसांत, मान वर करवेना.

बाहेर पडल्यावर बाजारात एक दुकान कुलपांनीच भरलेलं होतं. पितळी, पोलादी, सात-सात खटक्यांची. वीरेंद्र थांबला. त्याने फोनवरचं निम्मं ऐकलं होतं. "बाबा, तलावाले नवीन घेऊन जायचं काय? मजबूत?"

यादोरावांनी एक जड कुलूप हातात घेतलं, ओढून पाहिलं. ते निघालं नाही. त्यांनी ते दुकानदाराला परत दिलं.

"नाही," ते म्हणाले. "जुनंच बरं चालून राहिलं."