चार कुलपं आणि मागचं भोक

गावातल्या निम्म्याअधिक दारांना कुलूपवाल्यांचा हात लागलेला होता. बँकेच्या मागच्या दारापासून शाळेच्या खडूच्या कपाटापर्यंत सगळीकडे त्यांचीच कुलपं. एकसष्टी उलटली तरी ते नुसतं कुलूप कानाशी धरून हलवायचे आणि आत काय अडलंय ते सांगायचे. खिशात किल्ल्यांचा जुडगा असा खळखळे, की ते गल्लीच्या टोकाला असतानाच काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहाचं आधण ठेवत.

अर्थात चहाचा आणि साखरेचा डबाही कुलपातच असे. "आमच्याकडे चहा करायचा म्हणजे आधी पंचनामा," असं काकू आल्यागेल्याला सांगत. कुलूपवाल्यांना त्यात विनोद वाटत नसे. उघडी वस्तू दिसली की त्यांचा हात आपोआप खिशाकडे जाई.

एवढ्या सगळ्या किल्ल्यांमध्ये एकच किल्ली त्यांच्याकडे नव्हती, ती म्हणजे सख्ख्या बहिणीच्या घराची. अक्का समोरच्याच गल्लीत राहायची. तिच्या दाराचं कुलूप त्यांनीच स्वतः घडवून बसवलं होतं, आणि तिन्ही किल्ल्या अक्कानं मोजून घेतल्या होत्या. एक तिच्याकडे, एक दूर राहणाऱ्या लेकीकडे आणि एक समोरच्या शिवणकामवाल्या बाईंकडे. ते कुलूप कुलूपवाले केसांच्या पिनेनं अर्ध्या मिनिटात उघडू शकले असते, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि अक्कालाही. पण कुलूप उघडता येणं वेगळं आणि किल्ली मिळणं वेगळं.

ह्या सगळ्याच्या मुळाशी एक पोपट होता. कुलूपवाले तेव्हा नऊ वर्षांचे आणि अक्का तेरा. तिनं पिलापासून वाढवलेल्या पोपटाला पेरूची फोड द्यायला ह्यांनी पिंजरा उघडला आणि कडी लावायची विसरले. पोपट काही विसरला नाही. संध्याकाळी चौकशी सुरू झाल्यावर ह्यांनी रडून-भेकून सांगितलं, "शेजारच्या मांजरानं दार उघडलं!" त्या मांजराचं दूध आठवडाभर बंद झालं. अक्का मात्र एक अक्षर बोलली नाही. फक्त तेव्हापासून बावन्न वर्षं, कुणी कुंडी सांभाळायला द्यायची म्हटली तरी ती शांतपणे म्हणे, "बाळ्याकडे जिवंत काही देऊ नका." आणि बाळ्या पंधराव्या वर्षी कुलपाच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला तेव्हा सगळे म्हणाले, पोराला उपजतच आवड आहे हो.

तर अशी ही अक्का एका सकाळी जिन्यावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग तीन आठवडे इस्पितळ. लेकीला सुट्टी मिळेना. आणि अक्काचे दोन ससे! शिवणकामवाल्या बाईंनी ते सांभाळले असते, पण सशाचा केस नाकात गेला की त्यांना चाळीस-चाळीस शिंका येत. नाइलाज झाला. स्ट्रेचरवरून अक्कानं भावाला बोलावलं.

"पाला धुऊन, पुसून घालायचा. पाणी रोज बदलायचं. करडा तो थोरला, पांढरा तो धाकटा. दोघे भाऊ आहेत, विकणाऱ्यानं खात्रीनं सांगितलंय. कधी भांडत नाहीत," असं म्हणून तिनं भावाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "आणि बाळ्या..."

"काय अक्का?"

"काही नाही. जा."

कुलूपवाल्यांना ते "काही नाही" अंगावर आलं. हे ससे जसेच्या तसे परत केले तर बावन्न वर्षांचा डाग पुसला जाईल, आणि एकाचं जरी काही झालं तर आपण जन्मभर बाळ्याच राहणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. त्यांनी दोन दिवस दुकान बंद ठेवलं, अडगळीतलं सागवानी कपाट मागच्या अंगणात आडवं केलं आणि पुढून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी ठोकली. दाराला तीन कुलपं घातली, तीही साधीसुधी नव्हेत, एकाची किल्ली दुसऱ्याला चालणार नाही अशी. मागच्या बाजूची फळी तेवढी जुनीच राहू दिली, कारण मागे दार नव्हतं, आणि जिथे दार नाही तिथे बघण्यासारखं काय असतं!

"अहो, ससे आहेत का सोन्याच्या विटा?" काकूंनी विचारलं.

"तुला नाही कळायचं."

आठवडा बरा गेला. फक्त सशांचा खाऊ भराभर संपायला लागला. रात्री भरलेली वाटी सकाळी लख्ख. ससे तर ढिम्म बसलेले. कुलूपवाल्यांनी तपासलं, तिन्ही कुलपं जागच्या जागी. ह्यावरून कुठल्याही शहाण्या माणसाला जे सुचलं असतं ते त्यांना सुचलं नाही. ते म्हणाले, "कुणीतरी बनावट किल्ली केलीय!"

"सशाचा खाऊ चोरायला?" काकू म्हणाल्या.

"चोराचा काही भरवसा नसतो."

आणि त्यांनी चौथं कुलूप लावलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी आणखी एक प्रकार झाला. धाकट्या भावानं स्वतःच्या पोटावरचे केस उपटले, कोपऱ्यात गवत आणि केस यांचं गोल घरटं केलं, आणि त्यात पाच पिल्लं घातली. बोटाएवढी, गुलाबी, मिटल्या डोळ्यांची. कुलूपवाले चारही कुलपं उघडून, चष्मा लावून, पाच मिनिटं बघत राहिले. मग आत जाऊन काकूंना म्हणाले, "अगं, भावाला पिल्लं झाली."

काकू हसून हसून जमिनीवर बसल्या. कुलूपवाल्यांना मात्र आनंदानं काही सुचेना. दोन दिले होते, आपण सात परत करणार! इस्पितळात अक्कानं विचारलं, "कसे आहेत दोघे?" तेव्हा ते नुसते गालात हसले आणि "उत्तम" म्हणाले. घरी आल्यावर तिला एकदम दाखवायचं असा त्यांचा बेत होता.

खाऊ मात्र संपतच होता. शेवटी कपाटाखाली झाडता झाडता काकूंच्या केरसुणीत काळ्या लेंड्या आल्या. त्यांनी त्या कागदावर घेऊन नवऱ्यापुढे धरल्या. "हा घ्या तुमचा बनावट किल्लीवाला. उंदीर आहेत, आणि चांगले पोसलेले आहेत."

मग कुलूपवाल्यांनी किराणावाल्याचं बोक्यासारखं लठ्ठ मांजर चार दिवसांसाठी मागून आणलं. मांजर कपाटापाशी गेलं, जाळीला नाक लावलं. आतून थोरल्यानं मागचा पाय फळीवर असा आपटला, की मांजर उडी मारून न्हाणीघरात जाऊन बसलं. त्या दिवसापासून त्यानं दूध प्यायचं, कपाटाच्या माथ्यावर उन्हाला निजायचं आणि खाली काय चाललंय त्यात लक्ष घालायचं नाही, असा नेम धरला. किराणावाल्याकडेही ते हेच करत असावं.

चौथ्या दिवशी पहाटे, फटफटायला लागलं होतं तेव्हा, अंगणातून धप्प, धप्प आवाज आला. थोरला पाय आपटत होता. कुलूपवाले धावले. जाळीतून पाहिलं तर आत एक उंदीर, शेपटीसकट हातभर, घरट्याच्या तोंडाशी. माथ्यावर मांजर गाढ झोपलेलं.

"हाड! हाड!" कुलूपवाले ओरडले आणि त्यांनी जुडगा काढला. पहिलं कुलूप उघडलं. दुसऱ्याला तिसऱ्याची किल्ली लावली, ती फिरेना. गावातला सगळ्यात सफाईचा हात, पण चाळीस किल्ल्यांत चौथी किल्ली सापडेना. काकू आतून ओरडल्या, "अहो, जाळी फाडा!" पण कुलूप असताना जाळी फाडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. चौथं कुलूप निघालं तोवर उंदीर मागच्या फळीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून गेला होता, आला तसाच, घाई न करता. तिथे दोन बोटं जातील एवढं कुरतडलेलं भोक होतं. चारही कुलपं शाबूत होती.

त्यांनी घरट्यातले केस हळूच बाजूला केले. पिल्लं चार होती.

त्यांनी पुन्हा मोजली. मग तिथेच ओल्या फरशीवर बसले. ते पिल्लू बोटाएवढंही नव्हतं, त्याचे डोळेही उघडले नव्हते, पण कुलूपवाल्यांना त्याचं फार वाईट वाटलं. आणि त्याहून वाईट हे वाटलं, की आपण पुन्हा नऊ वर्षांचे झालो आहोत.

सकाळी नगरपालिकेचा उंदीरवाला आला. गावातली गोदामं आणि गटारं बघणारा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. त्यानं कपाटाला एक फेरी मारली आणि कुलपं बघून थबकला.

"काका, हे तुम्ही चोरासाठी केलंय. उंदीर दारानं येत नाही."

कुलूपवाल्यांनी मान खाली घातली. कारखाना सोडल्यानंतर पहिल्यांदाच ते कुलपासमोर शिकाऊ म्हणून उभे होते.

उंदीरवाल्यानं जाळीच्या भोकात अंगठा घातला. अंगठा आरपार गेला. "इथून पिल्लू-उंदीर शिरतो. मोठा फळी कुरतडतो, आणि ही जाळीसुद्धा दातानं तोडतो. अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली जाळी लावा, पुढे, मागे, तळालासुद्धा. कपाट जमिनीवर नको, कंबरेएवढ्या लोखंडी पायांवर घ्या आणि पायांना उलटी पत्र्याची टोपी घाला, म्हणजे चढता येणार नाही. भिंतीपासून हातभर लांब. खाऊ संध्याकाळी उचलायचा, सांडलेला झाडायचा आणि झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. खाऊ सांडतो म्हणून तर ते आले."

"आणि औषध?"

"विष इथे अजिबात नको, ससाच खाईल. भिंतीकडेला बंद पिंजरे लावतो, सशाचा पाय जाणार नाही असे. आणि हे दोघे भाऊ वेगळे ठेवा काका, नाहीतर महिन्याभरात चाराची नऊ होतील." जाता जाता त्यानं मांजराकडे बोट दाखवलं. "हे कशाला ठेवलंय?"

मांजर दुपारी परत गेलं.

पुढचे तीन दिवस कुलूपवाले पत्रा कापत होते, जाळी ताणत होते, एकेका सांध्यात अंगठा घालून बघत होते. दोन खण केले, एक थोरल्याला, एक धाकट्या बाळंतिणीला. दाराला कुलूप लावायला गेले, आणि हात थांबला. मग त्यांनी एका हातानं, डोळे मिटूनसुद्धा झटकन उघडेल अशी पितळी कडी बसवली. काकूंनी ती दोनदा उघडून पाहिली आणि आत जाऊन, न मागता, चहा टाकला. डब्याचं कुलूप कुणीतरी सकाळीच काढून ठेवलेलं होतं.

पिंजऱ्यांत सहा उंदीर सापडले. पिल्लांचे डोळे उघडले. पण इस्पितळात अक्कानं "कसे आहेत दोघे?" विचारलं की कुलूपवाले "बरे आहेत" म्हणत आणि खिडकीबाहेर बघत.

अक्का घरी यायच्या आदल्या दिवशी नवं खुराडं चौघांनी उचलून तिच्या व्हरांड्यात नेऊन ठेवलं. काकू हळूच म्हणाल्या, "तिला कुठे माहितीय पाच होती ते? चारच सांगा. नाहीतर सांगा मांजरानं नेलं. मांजर आणलं होतंच की आपण. खोटंही नाही व्हायचं सगळं."

त्या रात्री कुलूपवाल्यांना झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का चालायच्या लोखंडी चौकटीवर रेलत, एकेक पाऊल टाकत व्हरांड्यात आली. थोरल्याकडे बघितलं. धाकट्याकडे बघितलं. धाकट्याच्या पोटाशी चार केसाळ गोळे लोळत होते, त्यांच्याकडे पुष्कळ वेळ बघितलं.

"भाऊ आहेत म्हणाला होता मेला," ती म्हणाली. मग दाराकडे नजर गेली. "कुलूप नाही?"

"नाही."

"तुझ्या हातचं, आणि कुलूप नाही?"

"अक्का, पाच होती," कुलूपवाले एका दमात म्हणाले. "एक उंदरानं नेलं. मी पुढे चार कुलपं लावली होती आणि मागची फळी बघितलीच नाही. मांजर होतं तिथे, पण मांजरानं काही केलं नाही. चूक माझी."

अक्का चौकटीला धरून उभी राहिली. समोरच्या दारातून शिवणकामवाल्या बाईंची शिंक ऐकू आली.

"पोपट गेला त्याचं मला दोन दिवस वाईट वाटलं होतं," ती शेवटी म्हणाली. "पक्षीच तो, जायचाच. पण मांजराला कडी काढता येते होय रे? मला वाटलं होतं, रात्रीतून तरी येऊन खरं सांगशील. मी जागी होते."

कुलूपवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्यांनी रुमाल काढला तर त्याच्याबरोबर जुडगाही खळखळत बाहेर आला.

अक्का तोवर वळली होती. "अहो बाई," तिनं समोर हाक मारली, "तुमच्याकडची माझी किल्ली ह्याच्याकडे द्या." आणि भावाकडे न बघताच म्हणाली, "सकाळी सातला येत जा. पाला धुऊन, पुसून आण. आणि दार वाजवत बसू नकोस, मला उठायला वेळ लागतो."