गुळाचा तुकडा आणि खालची कवळी

गूळ मी पुढच्या दातांनी तपासतो. तुकडा कडकन तुटला तर माल टिकाऊ. दात त्यात रुतला तर पावसाळ्यात त्याला पाणी सुटणार. शून्यातून दुकान उभं केलं ते याच दातांवर. पुढं दात गेले, कवळी आली, आणि खालची कवळी भर सौद्यात गुळासकट हातात आली. सगळे हसले. त्याचं काही नाही. पण ज्या मेव्हण्याला मी मार्केट यार्डात आणून धंद्याला लावलं, तो चारचौघांत म्हणाला, "दाजी, तुम्ही आता गादीवर बसा की. सौदा मी बघतो." ते मी अजून विसरलेलो नाही.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जबड्याच्या हाडात चार स्क्रू बसवून त्यांवर काढता-घालता येणारी कवळी अडकवायचं सुचवलं.

"चार कशाला? दोनात बसवा."

"दोनात बसेल. पण पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही."

"मग काय मिरवायला बसवून घेतोय व्हय?" माझा आवाज चढला. बाहेर बसलेली माणसं आत डोकावली.

बाईंनी स्क्रूंच्या जागी दोन बोटं धरून त्यांवर कवळी ठेवली, बोटं सुळ्यांच्या खाली. पुढून दाबली तशी मागची बाजू उचलली गेली. "आधाराच्या पुढं जोर दिलात की असंच होणार. पण पुढच्या दातांचा एवढा हट्ट कशाला?"

मी धंदा समजावून सांगितला. त्या विचारात पडल्या. "हे आधी सांगायचं होतं."

"इचारलं कुणी?"

त्यांनी बोटं पुढं सरकवली, जवळजवळ समोरच्या दातांखाली, आणि पुन्हा दाबलं. आता मागची बाजू जेमतेम हलली. "दोनच बसवू, पण इथं. दाढेनं चावाल तेव्हा भार हिरडीवर जाईल, कवळी मागं थोडी दबेल. तुकडा लहान घ्यायचा. आणि कवळीच्या आत स्क्रूला धरून ठेवणाऱ्या रबरी कड्या असतात, त्या झिजल्या की बदलायला यायचं."

"कड्या फुकट घालायच्या."

"न्हाय," बाई माझ्याच सुरात म्हणाल्या.

स्क्रू हाडात पक्के होईपर्यंत काही महिने गादीवर बसून काढले. मग एका सकाळी सौद्यात जाऊन उभा राहिलो. मेव्हणा एका ढिगावर बोली चढवत होता. त्याच्या हातातला तुकडा घेऊन मी पुढून दाबला. कवळी जागची हलली नाही. दात मात्र गुळात रुतला.

"सोड हा ढीग."

"दाजी, चवीला झ्याक हाय की!"

"आखाडात पाझरल्यावर चाटत बस. बाजूला सर."

तो सरला. पुढच्या ढिगाची बोली मी लावली.