डावे हात

सिहोऱ्याच्या बाजारात कोणीतरी सहज बोलल्यासारखं सांगितलं, शहारे गुरुजी गेले... हातातली भाजीची पिशवी तशीच घेऊन मी आंधळगावची बस धरली. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता महिना होईल.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी त्यांच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए., आणि हे कोणी विसरू नये अशी माझी वागणूक. गुरुजी सातवी फायनल, पण शाळेचे मुख्याध्यापक. माझं वर्ष भरत आलं होतं. तपासणीला येणाऱ्या शिक्षण खात्याच्या साहेबांचा शेरा चांगला पडला तरच नोकरी कायम होणार होती. म्हणून चौथीच्या पोरांना मी आठ दिवस एकच गोष्ट पक्की करून घेतली. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे. येत असेल त्याने उजवा, नसेल येत त्याने डावा. मी उजव्यालाच उठवीन.

तपासणीच्या दिवशी भागाकार चालला होता. वर्गभर हात, साहेब खूश. मग ते स्वतःच पुढे झाले आणि त्यांनी शेवंताकडे बोट केलं. तिचा हात डावा. पोरगी उठली, माझ्याकडेच पाहत राहिली, आणि शेवटी रडवेली होऊन म्हणाली, "मले कायले विचारता जी? माहा तं डावा हाये."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. दारातून गुरुजी म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. माझ्या नावावर लिहा." निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसावर तो शेरा पडला. मी कायम झालो.

शाळा सुटल्यावर त्यांनी मला रिकाम्या वर्गात थांबवलं. आता ऐकवतील म्हणून मी ताठ उभा. त्यांनी विचारलं, शेवंताचं भागाकारात नेमकं कुठं अडतं? मला सांगता आलं नाही.

"डावे हात तं आठ दिवस तुमच्या समोरच होते नं, मास्तर..."

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की गुरुजींनी माझी चूक अंगावर घेतली. परवा त्यांच्या मुलाने मला त्यांची टाचणवही दिली. एका पानावर दिवसाचा पाठ, समोरच्या पानावर त्यात काय चुकलं ते. तपासणीच्या आदल्या दिवशी लिहिलं आहे: "मास्तरांच्या वर्गात आजही डावे हात दिसले. मास्तर बी.ए. आहेत, राग येईल म्हणून आजही बोललो नाही. शेवंता अडली आहे तिथंच आहे. चूक माझी."