मशीनचं कुंकू

आमच्या लातूरच्या ऑफिसात कॉम्प्युटरमधलं सगळं रेकॉर्ड रोज टेपवर उतरवून ठेवतात. त्या टेपा कोऱ्याच निघायला लागल्या, म्हणून नांदेडहून मेकॅनिक बोलावला. त्यानं वायरींकडे पाहिलंसुद्धा नाही. कापसाची काडी टेपच्या मशीनच्या तोंडात फिरवली आणि नाकाशी धरून हुंगली. काडी लालभडक.

"खंडेनवमीला मशीनची पूजा कोन केली?"

"मीच," साहेब अभिमानानं म्हणाले.

"कुंकू लई झालं, साहेब. तवापासून टेपा नुसत्याच फिरून राहिल्या. आतमधी काहीच न्हाई."

साहेबांचा चेहरा पडला. मी गालातल्या गालात हसलो.

निघताना त्यानं मला जिन्यात गाठलं आणि मूठ उघडली. आत तांदळाचे सात दाणे होते.

"कुंकू साहेबांचं. मशीनमधून निघालेल्या ह्या अक्षता मात्र हसणाऱ्याच्या दिसून राहिल्या. चला, चहा पाजा."