चेंडूसकट फोटो

"कात्री कुणी लावली, तेवढं सांगा. बाकीचं मग बोलू."

ताई हे एवढ्या जोरात ओरडल्या की समोरच्या टपरीवरचा चहा उतू गेला आणि तिकडं कागलच्या फाट्यावर एसटीच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. शपथेवर सांगायची मला त्या दिवसांत फार हौस होती, ते पुढं येईलच.

ताई म्हणजे आमच्या पेठेतल्या फोटो स्टुडिओच्या मालकीण. स्टुडिओ त्यांच्या वडिलांचा, अण्णांचा. अण्णा गेले आणि कॅमेरा, काउंटर, भिंतीवरचे फोटो असं सगळं ताईंकडं आलं. काउंटरच्या अलीकडं मी मोबाइल मुठीत धरून उभा, पलीकडं ताई. आणि आमच्या दोघांच्या मध्ये स्टुलावर एक पावणं. ते हातकणंगल्याहून पासपोर्टच्या फोटोसाठी आले होते. अंगात स्टुडिओचा काळा कोट, मोठा होत होता म्हणून पाठीमागून चिमटे लावून आवळलेला. ताईंनी त्यांना "हनुवटी वर" म्हटलं आणि तेवढ्यात मी आत शिरलो. खाली घ्या असं कुणी म्हटलं नाही, म्हणून त्यांनी ती वरच ठेवली होती.

"ताई, कात्री कसली," मी म्हणालो. "कॉम्प्युटरवर कडेनं जरासं..."

"म्हणजे लावली."

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले होते. माझी मुदत सहाला संपत होती.

माझा एक ब्लॉग आहे. एका मोठ्या वेबसाइटनं ज्याला त्याला लिहायला फुकट जागा दिली, तिथं मी अकरा वर्षं लिहितोय. लिहितोय म्हणजे आमचे वडील, आबा, सांगायचे आणि मी टाइप करायचो. आबा पेठेच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. त्यांची एक गोलकिक पंचगंगेच्या पलीकडं पडली. चेंडू आणायला गेलेला माणूस तिकडंच लग्न करून राहिला, नातवंडं झाल्यावर चेंडू परत देऊन गेला. अशा सगळ्या गोष्टी. सकाळी आबा चहा बशीत ओतायचे, मी लॅपटॉप उघडायचो आणि थेट त्या वेबसाइटच्या चौकोनात लिहायचो. वहीत काही नाही, पेनड्राइव्हवर काही नाही. आबांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचं बोलणं जगात त्या एका जागी होतं आणि त्या जागेला आता कुलूप लागलं होतं.

दोष माझाच. आपल्याकडं एक समजूत आहे. दुसऱ्याचं काहीही उचलावं आणि खाली "साभार" लिहावं. झालं, चोरी धुऊन निघाली. मी तर साभारचा सम्राट. पुराचा फोटो एका वर्तमानपत्रातून घेतला, खाली साभार. पहिली तक्रार आली, फोटो गेला. मग पेठ वडगावच्या एका चटणीवाल्याची खूण, लाल मिरचीभोवती सूर्य, मी ब्लॉगच्या कपाळावर लावली. म्हटलं, चटणी झकास आहे, आपण फुकट जाहिरात करतोय, खूश होतील. तर पुण्याच्या एका बाईंनी मलाच पत्र पाठवलं, की तुमचं पाकीट फाटकं आलं, दुसरं पाठवा. चटणीवाल्यांनी ट्रेडमार्कची तक्रार केली. वेबसाइटनं मला समजावून सांगितलं, की त्यांच्या चटणीबद्दल वाटेल ते लिहा, नाव घ्या, नावं ठेवा, पण त्यांची खूण लावून त्यांच्या घरचे असल्यासारखं मिरवू नका. ही दुसरी. तिसरीला खातं कायमचं बंद.

तिसरी तक्रार ताईंची. आबांच्या फोटोबद्दल.

तो फोटो मी मुखपृष्ठावर लावला होता. आबा हवेत आडवे, जमिनीला समांतर, हात लांबवलेले. त्याखाली मी लिहिलं होतं, की आबांनी हा गोल वाचवला, पेठ जिंकली आणि त्या दिवशी आबांनी माझ्या आईच्या हातच्या अकरा भाकऱ्या एकट्यानं खाल्ल्या. यंदाचा फुटबॉलचा हंगाम सुरू झाला आणि संघ चालवणाऱ्या तालमीच्या पोरांनी ब्लॉगवरून तोच फोटो घेऊन चौकात वीस फुटी फ्लेक्स लावला. खाली ठळक अक्षरांत, साभार, आणि माझं नाव. ताई रोज सकाळी त्या फ्लेक्सखालून येऊन दुकानाचं शटर उघडत होत्या.

वेबसाइटनं मला दहा दिवस दिले. एकतर तक्रार करणाऱ्यानं ती मागं घ्यायची, नाहीतर मी एक फॉर्म भरायचा. खरं नाव, पत्ता, आणि शेवटी एक चौकोन, की मी शपथेवर सांगतो, हे चित्र माझ्या हक्काचं आहे. खोटं असेल तर कोर्टात जबाबदार. फॉर्म गेला, की कुलूप निघणार, आणि पुढं भांडायचं तर तक्रार करणाऱ्यानं कोर्टात जायचं. नऊ दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. दहाव्या दिवशी फॉर्म भरला, चौकोनात बरोबरची खूण केली. आबा माझे, जर्सी आमची, ती धुतली आमच्या आईनं, मग फोटो दुसऱ्या कुणाचा असेल? फक्त पाठवायचं बटण राहिलं होतं. ते दाखवून ताईंना घाबरवावं म्हणून मी आलो होतो.

"हे बघा," मी मोबाइल पुढं केला. "मी हे दाबलं, की तुम्हालाच कोर्टात जावं लागंल. तुम्ही तक्रार मागं घ्या, विषय मिटला."

"दाबा की."

हे उत्तर मी धरून आलो नव्हतो.

"ताई, फोटो आमच्या ट्रंकेत होता. अण्णांनी स्वतः दिलेला."

"कागद दिला, दादा. कागद तुमचा. फोटो अण्णांचा. उद्या पुस्तक विकत घ्याल आणि छापायला काढाल, व्हय?"

"पण त्यात आमचे आबा आहेत."

"आणि काढताना कोण होतं? कॅमेरा आपला आपण चिखलात जाऊन पडला हुता?"

स्टुलावरच्या पावण्यांनी हनुवटी न हलवता डोळे माझ्याकडं वळवले. त्या नजरेत मला काही सहानुभूती दिसली नाही.

ताई वळल्या. भिंतीवरून एक फ्रेम काढली, पदरानं काच पुसली आणि काउंटरवर माझ्यापुढं ठेवली. तोच फोटो, पण अख्खा. मी ब्लॉगवर लावलेल्यापेक्षा उजवीकडं चार बोटं जास्त. खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईत अण्णांची सही.

"ही सही कापली तुम्ही. का कापली, ते मला म्हाईत हाय. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय." त्यांनी सहीच्या वर बोट ठेवलं. "हितं काय हाय?"

मी घड्याळाकडं बघितलं.

"बॉल हाय," पावणं म्हणाले. "जाळीत हाय की."

होता. ट्रंकेतला तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हाच मला दिसला होता. आबा हवेत, हात लांब, आणि चेंडू त्यांना चुकवून मागं जाळीत शिरलेला. आयुष्यभर त्यांनी मला सांगितलं, की तो गोल मी अडवला. चेंडू कापायचा तर सही जात होती. सही ठेवायची तर चेंडू राहत होता. मी फार विचार केला नव्हता. आबा जिंकले पाहिजेत, एवढंच डोक्यात होतं.

"तुमच्या बापाला जिंकवायला माझ्या बापाला पुसलंत," ताई म्हणाल्या. आता त्या ओरडत नव्हत्या, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "अख्खा फोटो लावा. चेंडूसकट, सहीसकट. खाली लिहा, फोटो अण्णांचा, स्टुडिओच्या परवानगीनं. मग मागं घेते. न्हाईतर दाबा ते बटण."

पाच वाजून दहा मिनिटं. माझा अंगठा बटणाच्या वर होता. एक खोटी शपथ घेतली, की सगळं वाचत होतं, आबाही आणि ब्लॉगही. मी आयुष्यात इतकं खोटं बोललोय की त्यात हे एक कुठं बुडून गेलं असतं, माझं मलाही सापडलं नसतं. पण आजवरच्या थापा मी ऐकणाऱ्याच्या आनंदासाठी मारल्या होत्या. ही तशी नव्हती. आणि दुसऱ्या बाजूला अख्खी पेठ तो फोटो बघणार, आबांच्या मागं जाळीत चेंडू.

"त्या दिशी अण्णा गोलच्या मागं पालथं पडलं हुतं," ताई फ्रेमकडं बघत म्हणाल्या. "रोलमध्ये शेवटचा फोटो शिल्लक. चेंडू सरळ त्यांच्याच तोंडावर आला. जाळीसकट कपाळावर बसला, चष्मा फुटला. पण हात हलू दिला न्हाई. तसंच टेंगूळ घेऊन फोटो धुतला आणि तुमच्या आबांना नेऊन दिला. घरी येऊन म्हणालं, गोल खाताना एवढं देखणं उडालेलं माणूस मी बघितलं न्हाई."

मी फ्रेमकडं पाहिलं. खरंच देखणे होते. चेंडू होता म्हणूनच कळत होतं, की आबा किती लांब झेपावले होते. माझ्या कापलेल्या फोटोत ते नुसते आडवे दिसत.

"पावणं," स्टुलावरून आवाज आला, "दाबा न्हाईतर ठिवा. माझी मान धरली."

मी फॉर्म रद्द केला. मोबाइलनं पुन्हा विचारलं, नक्की का? म्हटलं, नक्की.

मग ताईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आधी पावण्यांचा फोटो काढला, एक नाही, तीन, कारण पहिल्या दोनांत ते हसत होते. चिमटे काढले, कोट खुंटीला लावला, फोटो कापून पाकिटात घातले. माझ्या घड्याळातला काटा त्या वेळात दीडपट पळाला. पाच अडतीसला त्या कॉम्प्युटरपुढं बसल्या आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, तक्रार मागं घेतल्याचा मेल लिहिला. पाठवायच्या आधी मला दोनदा वाचायला लावला. नेट गेलं. आलं. पुन्हा गेलं. मी नास्तिक माणूस, पण त्या अठरा मिनिटांत अंबाबाईपासून ज्योतिबापर्यंत सगळ्यांना नवस बोलून बसलो. सहाला चार कमी असताना कुलूप निघालं.

तिथंच उभं राहून मी अख्खा फोटो लावला. ताईंनी सांगितल्या शब्दांत खाली लिहिलं. साभार कुठंही नाही. "गोल वाचवला" खोडून "गोल झाला" केलं, "पेठ जिंकली" काढलं. अकरा भाकऱ्यांचं वाक्य तेवढं ठेवलं. त्यावर कुणाचा कॉपीराइट नव्हता.

"फ्लेक्स उद्या उतरवा," ताई म्हणाल्या आणि फ्रेम पुन्हा खिळ्याला लावली.

घरी आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लसूण सोलत बसली होती. माझं लिहिलेलं मी तिला नेहमी वाचून दाखवतो. त्या दिवशी धीर होईना, पण चौकातून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मी मोबाइल तिच्यापुढं धरला, चेंडू दाखवला, म्हणालो, "आई, तो गोल झाला होता." आणि लगेच, तिला बरं वाटावं म्हणून, पुढची अकरा भाकऱ्यांची ओळ मोठ्यानं वाचली.

तिनं फोटो पाहिला. हातातली पाकळी सोलून ताटलीत टाकली.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "त्या दिशी ते न जेवताच झोपलं हुतं."